नीतूचा बैल आणि तीन कामांची पेटी

जगातली कुठलीही गोष्ट पोरांना समजावून सांगता येते, फक्त सांगणारा माझ्यासारखा हवा! ही बढाई नाही. देवरी तालुक्यातल्या आमच्या गावात मी उभं आयुष्य विज्ञान शिकवलं. आता निवृत्त झालो, तरी संध्याकाळी अंगणात पोरं जमतात आणि 'उमराव गुरुजी, आज काय?' म्हणून विचारतात. म्हणूनच तान्ह्या पोळ्याला नातीचा लाकडी बैल जावयाच्या मोटारीला जोडायचं ठरलं, तेव्हा मला तिळमात्र काळजी वाटली नाही. काळजी वाटायला हवी होती ती मोटारीला!

मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा असतो. चाकांवरचे लाकडी बैल सजवून पोरं तोरणाखाली रांगेत उभी राहतात. परीक्षक असतात भोजराजजी. हे जनावरांचे निवृत्त डॉक्टर! लाकडाच्या बैलाचंही तोंड उघडून दात पाहायला निघतात. त्यांची अट एकच, 'बैल जिता वाटला पायजे.' आणि दरवर्षी पहिला नंबर जातो शेजारच्या बकारामच्या नातवाला, कारण त्यांच्या बैलाच्या मानेत स्प्रिंग आहे.

"आबाजी, त्याइचा बैल मान हालवते," नीतू रडकुंडीला येऊन म्हणाली. "आपला त खांबावानी उभा राहते. यंदा पह्यला नंबर नाई आला, त मी पोळ्यात जाणारच नाई कधी!"

पोर पोळा सोडते म्हणजे काय! मी तिथल्या तिथे शब्द दिला, "मान हलवणारा बैल लोकांनी पाहिला आहे. डोळे वटारणारा पाहिलाय का?"

बेत सोपा होता. सणाला मुलगी-जावई येणार, जावई कुशलराव नवीकोरी मोटार आणणार. बैल मोटारीमागे बांधायचा, त्याच्या डोळ्यांत लाल दिवे बसवायचे आणि ते मोटारीच्या मागच्या दिव्यांशी जोडायचे. ब्रेक दाबला की बैलाने डोळे वटारलेच!

कुशलराव सणाच्या आधीच आले. माझा बेत ऐकून त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "मामाजी, गाडी नवी हाय. वायर कापू नका. वॉरंटी जाईन."

"कापतो कशाला? नुसती खोचतो!"

मी खोचली. झालं! मोटारीच्या समोरच्या काचेखाली लग्नमांडवासारखे दिवे लागले, आणि इंडिकेटर धाप लागलेल्या म्हाताऱ्यासारखा टकटकटकटक करू लागला. मी घाईघाईने वायर काढली, चुकलेलं गणित लपवायला पाटी झाकणाऱ्या पोरासारखा चेहरा केला आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाची बस पकडली.

स्टेशनजवळ ईश्वरदासचं मोटारीच्या सामानाचं दुकान आहे. तो बोलायला लागला की गिऱ्हाईक बसायला स्टूल शोधतं.

"गुरुजी, सीधा तार मत जोडो! आजकल की गाडी बडी शक्की होती है. एक बल्ब जादा दिखा, तो समझती है कुछ गडबड है. ये पेटी बीच में लगाओ, बस खटका दबाके. गाडी को बताती है कि पीछे ट्रॉली लगी है. तीन काम करती है..."

"पहिलं सांग."

"ट्रॉली के दिये जलाती है."

"बस्स! तेवढंच पाहिजे."

"अरे, बाकी दो तो सुनो..."

"बाबा, माझी बस सुटते आहे!"

पेटी बसली, वायर कापावी लागली नाही, जावयाच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्या संध्याकाळी मी अंगणात धडा घेतला. एक लांब दोरी ताणली आणि पोरांना ती धरून बसवलं.

"ही दोरी म्हणजे मोटारीतली तार. हिच्यावरून दवंडी फिरते. ऐकायची सगळ्यांनी, पण ज्याचं काम त्यानेच उठायचं. नीतू ब्रेक, तुम्ही दोघं दिवे, तू वायपर, तू भोंगा. आता पाहुणा आला, बैल! पीयूष, तू बैल. बैलाला मोटारीची भाषा येते का?"

"नाई जी!" सगळी ओरडली.

"म्हणून मधे दुभाषी. पुष्पांजली, तू पेटी. दवंडी ऐकायची आणि बैलाच्या कानात सांगायची."

नीतू म्हणाली, "ब्रेक!" पुष्पांजली पीयूषच्या कानात कुजबुजली. पीयूषने असे डोळे वटारले की दारात बसलेलं कुत्रं उठून गेलं. धडा असा रंगला म्हणून सांगू!

मग पीयूषने हात वर केला. "गुरुजी, बैल पयून गेला त? पेटी काय करंन?"

"लाकडाचा बैल पळत नाही रे! उगाच फाटे फोडायचे नाहीत."

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमची मिरवणूक निघाली. पुढे मोटार, मागे दोरीने बांधलेला, नीतूएवढा उंच बैल. पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. मोटार वळायची तशी बैलाची तीच बाजू डोळा मारायची. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बकारामचा चेहरा मात्र ओल्या पापडासारखा पडला होता. नीतू तर जमिनीवर चालतच नव्हती.

मैदानात आल्यावर कुशलरावांनी मोटार तोरणाशेजारी उभी केली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून तलावाच्या पाळीवर फोन करायला गेले. आमच्या गावात मोबाईल लागतो तो फक्त पाळीवर.

"गुरुजी, बैल लायनीत आणा जी!" कुणीतरी ओरडलं.

मी दोरी सोडली आणि बैलाच्या वायरची पिन मोटारीच्या मागून उपसली.

पोंऽ पोंऽ पोंऽ पोंऽ!

मोटारीने असा टाहो फोडला की पिंपळावरचे सगळे कावळे उडाले! चारी दिवे लपकझपक करू लागले. मी पिन पुन्हा खुपसली. पोंऽ पोंऽ! बॉनेट थोपटलं. पोंऽ पोंऽ!

"काऊन जी गुरुजी," बकाराम खुशीत आला, "तुमची गाडी कायले रडून राहिली?"

"अवो, बंद करा न ते!" आमच्या सौभाग्यवती सुमित्राबाई कानांवर हात ठेवून ओरडल्या. "भोजराजजी पयून चालले!"

"किल्ली जावयाकडे आहे!"

एवढ्यात माझ्या विद्यार्थ्यांना वाटलं, गुरुजी धड्याची परीक्षा घेत आहेत! दोघं मुठी उघडझाप करत दिवे झाले, एक हात हलवत वायपर झाला, भोंग्याने गाडीच्या सुरात सूर मिळवला, आणि पीयूष जिवाच्या आकांताने हंबरू लागला. एवढे आज्ञाधारक विद्यार्थी मला नोकरीत कधी मिळाले नव्हते! नीतू मात्र तोरणाखाली एकटी उभी होती. डोळ्यांत पाणी. भोजराजजी कानांत बोटं घालून रांगेच्या दुसऱ्या टोकाला पोचले होते.

पाळीवरून कुशलराव हातात चप्पल घेऊन धावत आले. "कोण हाय? कोण चोर हाय?" त्यांनी किल्लीचं बटण दाबलं. सगळीकडे शांतता. फक्त पीयूष एकदा जास्तीचं हंबरला.

"मामाजी, बैलाची पिन काढली का तुम्ही? गाडीले वाटलं, ट्रॉली चोरून नेऊन राहिले!"

"असं होय! म्हणजे ही पेटी राखणही करते!"

"पीयूषनं तेच त इचारलं होतं, आबाजी," नीतू नाक ओढत म्हणाली.

मी विषय बदलला. वेळ होता कुठे? भोजराजजी आता रांगेतून आमच्याकडे येत होते. बकारामच्या बैलाची मान डुलत होती आणि डॉक्टरसाहेब कौतुकाने तिला हात लावत होते. आमचा बैल मी ओढून रांगेत लावला; पिन लागलेली होती, पण वायर ताणून धनुष्याच्या दोरीसारखी झाली होती. निघाली तर डोळे विझणार!

"कुशलराव, मोटार हातभर मागे घ्या. लवकर!"

"मामाजी, मांगचं काई दिसत नाई. तोरण आडवं आलं."

"अहो, नवी मोटार ना तुमची? मागे काही आलं की टीं टीं करते. ती टीं टीं करेपर्यंत या!"

मोटार मागे येऊ लागली. मी वाहतूक पोलिसासारखा हात हलवत होतो आणि कान देऊन ऐकत होतो. टीं टीं नाही. म्हणजे जागा आहे. या! अजून टीं टीं नाही. या, या! भोजराजजी नेमके बैलाच्या बाजूला वाकून त्याचे दात शोधत होते.

कच्च!

बैलाचं शिंग मोटारीच्या मागच्या दिव्यात आरपार! कुशलरावांनी दचकून ब्रेक दाबला. बैलाने गचकन मान उडवली, घुंगरं झणाणली, आणि दोन्ही डोळे लालबुंद पेटले!

"अरे बापा! मारका हाय!" भोजराजजींनी टुणकन मागे उडी मारली ती थेट बकारामच्या अंगावर. उभ्या जन्माची सवय, दुसरं काय!

 मग सगळं मैदान असं हसलं की विचारू नका. भोजराजजींनी धोतर झटकलं, चष्मा सरळ केला आणि जाहीर केलं, "पह्यला नंबर, नीतू! आजवर इतका जिता बैल मी पोळ्यात पाह्यला नाई!"

बकारामनेही मोठ्या मनाने मान्य केलं. "आमचा त फकत मान हालवते जी. ह्यानं गाडीलेच ढुसनी मारली!"

नीतू बैलाच्या गळ्यात पडून नाचत होती. मी मात्र हळूच पाळीवर गेलो आणि ईश्वरदासला फोन लावला.

"गुरुजी, तीसरा काम यही तो बता रहा था! पीछे ट्रॉली लगी है, तो गाडी हरदम टीं टीं करेगी ना? इसलिए पेटी पीछे की टीं टीं बंद कर देती है. आप की बस मिली थी ना उस दिन?"

"मिळाली," मी म्हणालो.

परत आलो तर कुशलराव गवतात बसून लाल काचेचे तुकडे वेचत होते. प्रत्येक तुकडा फुटक्या दिव्याला लावून बघत होते. ते जास्त लागलं. सुमित्राबाईंनी बक्षिसाचा स्टीलचा डबा त्यांच्यापुढे उघडून धरला. "घ्या, यात टाका बापू. डब्बा त कामाचा भेटला."

दुसऱ्या दिवशी अंगणात मी विचारलं, "सांगा, पेटीची कामं किती?" सगळं अंगण गरजलं, "तीऽऽन!" धडा पोरांना पक्का समजला आहे. डबा अजून जावयाच्या मोटारीतच आहे. त्यात तांदूळ नाहीत, मागचा दिवा आहे.