भातगिरणीच्या साहेबांचा एकाहत्तर वर्षांचा अनुभव

सन एकोणीसशे सदतीसच्या मार्गशीर्षात धसईत गाजलेल्या भातगिरणी प्रकरणाचा निकाल असा लागला, की कंपनीच्या तिन्ही साहेबांना भातातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते सकुबाईने शोधून काढलं.

वरचं वाक्य चुकून आलं आहे. असं काहीही घडलेलं नाही. वाचकांनी ते वाचलंच नाही असं धरून पुढे चालावं, अशी कुंडलिकची इच्छा आहे.

कुंडलिक हा मुरबाड तालुक्यातला एकमेव गुप्तहेर. ही गोष्ट त्याने स्वतःच गावभर सांगून ठेवली होती, नाहीतर लोक चुकून दुसऱ्याच कुणाला गुप्तहेर समजायचे. त्याच्या मते त्याची नजर घारीची, चाल मांजराची, बुद्धी अजून कुणाला न सापडलेली. वैशाखरे गावच्या एकाची हरवलेली म्हैस त्याने तीन दिवसांत शोधली होती. ती गोठ्यातच होती. पण जिथे कुणी शोधत नाही तिथे शोधायला डोकं लागतं, असं तो म्हणे. त्याचा मेहुणा राघो हा त्याचा मदतनीस. बहीण दिल्यामुळे राघोला दुसरा इलाज नव्हता.

प्रकरण सकुबाईचं होतं. तिचं रस्त्याकडेचं खळं, सपाट, चोपून चोपून दगडासारखं झालेलं, एका यांत्रिक भातसडाई कंपनीला गिरणीसाठी हवं होतं. बदल्यात सकुबाईचं भात जन्मभर फुकट सडून मिळणार होतं. वीस वर्षं मुसळ चालवून तिचा उजवा खांदा कामातून गेला होता, त्यामुळे गिरणी तिला हवीच होती. पण गिरणी बंद पडली तर खळंही गेलं आणि खांदाही.

"मंग भात काय डोक्यावं झोडू?" ती म्हणाली. "ह्ये साहेब गिरणी चालवतील का नाय, येवढं सांग. अंगठा आज द्यायचाय."

कंपनीने पत्रक वाटलं होतं. त्यात कोट घातलेल्या तीन साहेबांचे फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: 'संचालक मंडळास एकूण एकाहत्तर वर्षांचा अनुभव.' राघोने ते मोठ्याने वाचलं.

"कशाचा?" सकुबाईने विचारलं.

"ते लिवलं नाय."

"काकी, तो प्रश्न बायकी आहे," कुंडलिक म्हणाला. "अनुभव माणसाच्या अंगावर दिसतो. मी अंग वाचतो."

दुपारी साहेब बैलगाडीतून उतरले. मागोमाग त्यांच्या छत्र्या, ट्रंक आणि सुरई घेऊन नवसू नावाचा हमाल उतरला. कुंडलिकने ट्रंकही बारकाईने पाहिली. नवसूला पाहायचं कारण नव्हतं.

थोरल्या साहेबांची बोटं काळी होती.

"वंगण," कुंडलिक राघोच्या कानात म्हणाला. "तीस वर्षं इंजिनात हात घातलेला माणूस."

"दाजी, मिशीपण तशीच काळी हाय."

"म्हणजे मिशीपर्यंत इंजिनात शिरलेला."

तेवढ्यात उन्हाने घाम आला आणि मिशीतून एक काळा ओघळ साहेबांच्या कॉलरवर उतरला. राघोला घरच्या न्हाव्याचा कलप आठवला. कुंडलिकने वहीत 'वंगण अजून उतरत आहे' अशी नोंद केली.

मधल्या साहेबांची एक भुवई जळालेली होती.

"भुवई कशानं गेली साहेब?" कुंडलिकने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सकाळी विडी पेटवताना."

"ऐकलंस राघो? आगीशी रोजचा संबंध."

धाकट्या साहेबांना सकुबाईने दोनदा विचारलं, गिरणीत दिवसाला किती भात सडतं. ते लांब डोंगराकडे बघत राहिले. कुंडलिकच्या अंगावर काटा आला. इंजिनाशेजारी आयुष्य काढलेला माणूस बहिराच असायचा. तो साहेबांच्या कानाशी गेला आणि सगळा जोर लावून ओरडला, "किती भात सडतं?"

"ओरडता कशाला?" साहेब दचकून म्हणाले. "ऐकू येतं मला."

"मग सांगा की," सकुबाई म्हणाली.

साहेब पुन्हा डोंगराकडे बघू लागले.

इथे कुंडलिकने पहिला निष्कर्ष रद्द केला. रद्द करायलाही धैर्य लागतं. त्याने राघोला बाजूला ओढलं. "ही गिरणी नाहीच. ह्यांना खळ्याखालून भुयार काढून तानसा तलावाचं पाणी पळवायचंय."

"दाजी, तानसा तिकडं शहापुरात. मधी डोंगर हायेत, नद्या हायेत."

"म्हणूनच कुणाला संशय यायचा नाही."

सकुबाई मात्र खळ्यात वाळत घातलेलं भात पायाने परतत होती. तिने एकेक मूठ उचलून साहेबांपुढे धरली. "वाळलंय का बघा हो. सडायला घालू?"

थोरल्यांनी मूठ तळहातावर तोलली. "वा! सुरेख रंग!"

मधल्यांनी वास घेतला आणि शिंकले.

धाकट्यांनी "नमुना म्हणून ठेवतो" असं सांगून मूठ कोटाच्या खिशात घातली.

कुंडलिकनेही एक दाणा भिंगाखाली धरला आणि त्याला पाय नाहीत एवढं पक्कं केलं. त्याची आई, आजी आणि पुढे बायको वाळणाजवळून जाता-येता काय करतात, ते तो जन्मापासून बघत होता. रोज बघितलेल्या गोष्टीला तो पुरावा मानत नसे.

नवसूने ट्रंक खाली ठेवली. जाता जाता एक दाणा उचलला, दाढेखाली धरला आणि चावला.

"कट वाजला नाय गो बाय," तो म्हणाला. "मऊ हाय. आजून दोन उन्हं दे, नायतं गिरणीत भुगा व्हईल."



"तू कुठं शिकलास रे?" सकुबाईने विचारलं.

"सतरा वर्सं गिरणीत व्हतो कर्जताकडं. इंजानबी मीच चालू करायचो. यांना येत नाय म्हून मला आनलाय."

"मग पत्रकात तुझं नाव का नाय?"

"फोटूला कोट लागतो."

"बाई, तो हमाल आहे," थोरले साहेब म्हणाले.

"आनं तुमी?" सकुबाईने विचारलं.

साहेबांची मिशी आणखी थोडी उतरली.

सकुबाईने अंगठा दिला, पण कागदावर राघोकडून आधी दोन ओळी लिहून घेतल्या: गिरणीची किल्ली नवसूच्या कमरेला राहील, आणि नवसू सोडून गेला तर कंपनीने आपले गिरणीचे पत्रे उचलून खळं मोकळं करावं. साहेबांनी सही केली, कारण इंजिन चालू करणारा तेवढा एकच माणूस त्यांच्याकडे होता. दोन उन्हांनी सकुबाईचं भात सडून आलं. दाणा तुटला नव्हता. तिने मुसळ कोपऱ्यात उभं केलं आणि खांद्याला तेल लावून घेतलं.

त्याच दिवशी मुरबाडला एक अर्ज गेला:

'मेहेरबान मामलेदारसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार कुंडलिक, गुप्तहेर, राहणार धसई, अर्ज करतो ऐसा जे, सदरहू शोध अर्जदाराचे डोक्यात तयार असताना तो नवसू हमाल याचे दाढेतून आधी बाहेर पडला, येणेकरून अर्जदाराचे अब्रूस धक्का पोहोचला. तरी यापुढे अर्जदाराचे लेखी परवानगीशिवाय तालुक्यात कोणीही भाताचा दाणा चावू नये, असा हुकूम व्हावा. सुगीचे दिवस असून लोक सर्रास चावत आहेत, सबब हुकूम तारेने यावा.'