बोळातली एकेरी लाइन

मुलांनो, कल्पना करा, तुमच्या घरातला बोळ म्हणजे रेल्वेची एकेरी लाइन आहे. एका टोकाने तुम्ही ताकाने भरलेलं पातेलं घेऊन निघालात आणि दुसऱ्या टोकाने तुमचा धाकटा भाऊ सायकलवरून सुटला. मधोमध काय होईल ते मी सांगायला नको. ते होऊ नये म्हणून रेल्वेने फार पूर्वी एक युक्ती काढली. लाइन एक, तर टोकनही, म्हणजे परवान्याचा गोळाही, एक. ते ज्या गाडीजवळ, तीच गाडी लाइनवर. बाकीच्यांनी शिट्ट्या मारत उभं राहायचं.

भुसावळच्या तोताराम आबांना ही युक्ती तोंडपाठ होती. चाळीसगाव-धुळे मार्गावरच्या एका लहानशा स्टेशनात ते सगळी नोकरी मास्तर होते. "माझ्या हातून दोन गाड्या कधी समोरासमोर आल्या नाहीत," हे वाक्य ते लोक जेवणाआधी श्लोक म्हणतात तसं म्हणत.

यंदा आबांना आतड्याचा कॅन्सर झाला. घाबरू नका, आबाही फारसे घाबरले नव्हते. दर तीन आठवड्यांनी जळगावच्या दवाखान्यात जायचं, खुर्चीत बसून सलाइनमधून औषध घ्यायचं आणि संध्याकाळी परत यायचं. डोक्यावरचे केस गेले तेव्हा आरशात बघून म्हणाले, "चला, कंगवाही रिटायर झाला."

पण डॉक्टरांनी एक अट घातली होती. या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणजे शरीराचे पहारेकरी सुट्टीवर जातात. अशा वेळी मांजराचा साधा ओरखडाही नको. मांजर लांब ठेवा.

आणि आबांच्या घरात तर मांजरी होती. करडी, जाडजूड आणि वेळापत्रक न मानणारी, म्हणून आबांनीच तिचं नाव मालगाडी ठेवलं होतं. त्यात ती बोक्याशी भांडून कान फाडून घेऊन आली. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, जखम भरेपर्यंत हिला बाहेर सोडू नका. म्हणजे एका डॉक्टरांनी तिला घरातून काढलं आणि दुसऱ्यांनी घरात कोंडलं.

"माझ्या माहेरी, सावद्याला पाठवून देऊ," सून दिपमाला म्हणाली.

"काही गरज नाही," आबा म्हणाले. "पॅसेंजर आणि मालगाडी एका रुळावरून काढण्यात माझा जन्म गेला. एक पेशंट आणि एक मांजर एका घरात ठेवता येऊ नये?"

"ठीक आहे आबा. पण एकदा जरी तुमची दोघांची भेट झाली, तर त्याच दिवशी ती सावद्याला जाणार."

"मंजूर."

दुसऱ्या दिवसापासून घरात रेल्वे सुरू झाली. घर लांबट. बोळाच्या एका टोकाला आबांची खोली, दुसऱ्या टोकाला बाहेरचं दार. मध्ये स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मालगाडीला दिलेली कोठीची खोली. आबांनी एका जुन्या मोज्यात लाल चेंडू घातला, त्याला नाडी बांधली. हे टोकन. ज्याच्या गळ्यात टोकन, त्यानेच बोळात पाऊल टाकायचं. आबा अंघोळीला निघाले की टोकन आबांच्या गळ्यात, मालगाडी पाय मोकळे करायला निघाली की तिच्या गळ्यात. चौथीतली नात किरण दोन रुमाल घेऊन उभी, एक हिरवा, एक लाल.

नियम कडक होता. समोरच्या दुकानाचे रतिलालशेठ केळी घेऊन आबांना भेटायला आले, तर किरणने त्यांना दारातच लाल रुमाल दाखवला.

"काका, मालगाडी बोळात वाळूच्या टोपलीत शी करतेय. थांबावं लागेल."

"किती वेळ?"

"ते तिलाच माहीत."

रतिलालशेठ थांबले. लाइन मिळेपर्यंत त्यांनी आणलेली अर्धी केळी स्वतःच खाऊन टाकली.

आबांची छाती फुगली. "बघ दिपमाला, याला म्हणतात वाहतूक."

मग जळगावला जायचा दिवस उजाडला. गल्लीतल्या अभिमनची भाड्याची व्हॅन दारात आली. मालगाडी नुकतीच गळ्यात टोकन घालून बोळात फिरत होती. अभिमनने हॉर्न वाजवला. तो हॉर्न त्याने ट्रकवरून काढून व्हॅनला बसवला होता. मालगाडी जागच्या जागी हातभर उडाली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट शेजारच्या प्रमिलाबाईंच्या गच्चीवर गेली. गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे ओले पापड, वाळत होते. म्हणजे, तोपर्यंत वाळत होते.

"आबा, चला," मुलगा प्रेमराज म्हणाला.

"टोकन?" आतून आबा.

"मालगाडी घेऊन गेली."

"मग लाइन बंद आहे."

"अहो, मांजर बाहेर आहे. बोळ मोकळा आहे. मला दिसतोय ना."

"दिसतंय म्हणून गाडी सोडायची नसते, प्रेमराज. टोकन तिच्याकडे आहे, म्हणजे लाइन तिची आहे."

"आबा, उशीर झाला तर खुर्ची दुसऱ्याला देतात. आपली तारीख पुढे जाईल. खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलंय."

"नियम म्हणजे नियम."

आजी कमलबाईंचं माहेर धुळ्याकडचं. राग आला की त्यांची अहिराणी सुटायची. डबा काखेत मारून त्या म्हणाल्या, "बठ्ठी नोकरी रेल्वेमा गई, आते घरमा बी रेल्वेच शे!" म्हणजे, सगळी नोकरी रेल्वेत गेली, आता घरातही रेल्वेच आहे.

बाहेर अभिमनने पुन्हा हॉर्न वाजवला. प्रेमराज त्याच्यावर ओरडायला धावला.

किरणने दाराच्या फटीतून आत पाहिलं. आबा पलंगावर बसले होते. चपला अजून पलंगाखालीच होत्या. सुई टोचतात तो डावा हात त्यांनी उजव्या हाताने गच्च धरला होता.

ती दार ढकलून आत गेली. मग म्हणाली, "आबा, खऱ्या रेल्वेत टोकन हरवलं तर गाड्या कायमच्या बंद?"

आता, कोणी प्रश्न विचारला आणि आबांनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालं नव्हतं. "छे. मग एक माणूस नेमतात. पायलट."

"विमानातला?"

"रेल्वेतला. तो गाडीबरोबर जातो. माणूस एकच, म्हणून तोच टोकन. तो बरोबर असेल तर गाडी सोडायची, नसेल तर..."

आबा मध्येच थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

किरणने पलंगाखालून चपला काढून त्यांच्या पायांशी ठेवल्या आणि डावा हात धरला. "चला. मी पायलट."

मिरवणूक निघाली. पुढे किरण, तिचा हात धरून आबा, मागे डबा घेऊन कमलबाई. बाहेरच्या दारात दिपमाला. निम्मा बोळ पार झाला आणि त्याच दारातून प्रमिलाबाई आत शिरल्या. मालगाडी त्यांच्या हातात लटकत होती. चारही पाय पिठात, गळ्यात टोकन.

"ही घ्या तुमची वाघीण. एकूण एक बिबड्यावर पाय ठेवून आलीय." आणि त्यांनी तिला बोळात सोडून दिलं.

मालगाडीने समोर पाहिलं. किती दिवसांनी आबा! शेपटी उभी करून ती निघाली. आणि आबाही, खरं सांगायचं तर, तिला उचलायला वाकू लागले होते. दोन गाड्या, एक लाइन, दोघांकडे परवाना. दिपमालाने तोंडावर हात ठेवला.

किरणने आबांचा हात सोडला नाही. तिने त्यांना तसंच ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि पाठीने दार लावून घेतलं. मालगाडी सुसाट बोळातून कमलबाईंच्या पायांमधून आबांच्या खोलीत गेली आणि त्यांच्या पलंगावर चढली. कमलबाईंनी बाहेरून कडी लावली.

स्वयंपाकघरातून आबांचा आवाज आला. "मालगाडीसाठी पॅसेंजर बाजूला घेतलीस? माझ्या नातीने?"

"सावद्याला जाताना आपली पॅसेंजर दरवेळी बाजूला घेतात की, आबा."

दिपमालाला हसायचं नव्हतं. पण त्या गाडीत मालगाड्यांची वाट बघत तिच्या माहेरपणाच्या कितीतरी दुपारी गेल्या होत्या. ती हसलीच.

"झाली का भेट?" कमलबाईंनी सुनेला विचारलं.

"नाही हो आत्याबाई," दिपमाला डोळे पुसत म्हणाली. "भेट नाही झाली. क्रॉसिंग झालं. राहू दे तिला. चादर तेवढी उकळत्या पाण्यात टाकते."

आबा ताठ मानेने व्हॅनमध्ये बसले. "बघितलंत? आजही समोरासमोर आल्या नाहीत."

किरणही शेजारी चढली.

"किरण, उतर. शाळा आहे," दिपमाला म्हणाली.

"पायलटला मध्येच उतरता येत नाही, आई. हवं तर आबांना विचार."

आबांनी सरकून तिला जागा करून दिली. नियम त्यांचाच होता. प्रेमराज पुढे बसला आणि अभिमनने व्हॅन सोडली.

गाव मागे पडलं तेव्हा आबांचं नाक खाजायला लागलं. उजव्या हातात फाइल होती, मांडीवर डबा होता. त्यांनी किरणच्या मुठीतला डावा हात हळूच ओढून बघितला. सुटेना.

"अगं, क्षणभर सोड. नाक खाजतंय."

"लाइनवर असताना टोकन सोडायचं नसतं," किरण म्हणाली, आणि दुसऱ्या हाताने तिनेच आबांचं नाक खाजवून दिलं.