जाड थर

कुलपांचं कुणी आपल्याला शिकवू नये, असं किल्लीवाल्याचं ठाम मत होतं. नाश्त्याच्या वेळी त्याने पेट्रोलियम जेलीही कुलपांतच मोजली.

"ही म्हणजे कातडीचं कुलूप, आई," तो सासूबाईंना म्हणाला. "आतला ओलावा बाहेर पडू देत नाही. जितका जाड थर, तितकं पक्कं कुलूप."

"डबीवर लिहिलंय, ओलसर हातांना थोडीशीच लावा," बायको म्हणाली.

"डबीवाल्याने कधी कुलूप उघडलंय?" असं म्हणत त्याने भेगाळलेल्या, कोरड्या ठणठणीत हातांवर ती बचकभर फासली आणि उरलेली डबी सासूबाईंना दिली.

दहा मिनिटांनी बाथरूममधून हाक आली. "जावईबापू, दाराची मूठ फिरत नाहीये."

सासूबाईंना दमा, आणि त्यांचा पंप बाहेर टेबलावर. दाराखालच्या फटीतून तो आत जाईना. कुलूप महिन्यापूर्वी त्यानेच बसवलेलं.

"अडकलंय. दोन मिनिटं, आई."

स्क्रूड्रायव्हर हातातून सुळकन निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. हात पँटला पुसले, तर पँटही बुळबुळीत झाली. नळाखाली धरले, तर पाणी नुसतंच ओघळून गेलं.

"साबण दे लवकर."

"एक आत आहे. दुसरा तुम्ही काल आणणार होतात."

आत खोकल्याची उबळ आली. मग खोकला थांबला आणि शिट्टीसारखा श्वास तेवढा ऐकू येऊ लागला. जन्मभर लोकांची दारं उघडली आणि घरच्याच दाराने हात टेकायला लावले.

"आई, बोलत राहा."

"बोलू... की श्वास... घेऊ?"

बायकोने पिठाचा डबा पुढे केला. "बुडवा हात."

पिठाने जेली टिपली, पकड आली. चार स्क्रू सुटले, दार उघडलं. बायकोने पंप आईच्या तोंडाला लावला. दोन फवाऱ्यांनंतर श्वास मार्गी लागला, तेव्हा किल्लीवाला भिंतीला टेकून खालीच बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

तरी खोड जात नाही. त्याने कुलूप उलटसुलट करून पाहिलं. त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

"मग मूठ का फिरेना?"

सासूबाईंनी हात पुढे केले. कोपरापर्यंत चकाकत होते.

"अहो आई, साबण तर आतच होता. धुवायचे ना!"

"धुणार कशी?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, पक्कं कुलूप. म्हटलं, जावयाचं एक तरी कुलूप टिकू दे."