हिवरतळच्या ओढ्याची वाटणी

हिवरतळचा ओढा दिवाळीनंतरच्या एका सोमवारी आपली जागा सोडून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आला आणि लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसला. ग्रामसेवक उगल्यांनी काय काम म्हणून विचारलं. ओढा म्हणाला, तक्रार आहे, पण सरपंचांपाशीच बोलेन. तेव्हा उगल्यांनी आधी खालच्या फायली टेबलावर घेतल्या, मग स्वतःच्या चपला टेबलावर घेतल्या आणि सरपंचांना फोन लावला.

सरपंच म्हणजे सुलभा वाकचौरे. तव्यावरची भाकरी उतरवून, पदराला हात पुशीत ती आली.

"मला वाटलं, नळ फुटला," ती म्हणाली.

"नळ परवडला असता," उगले म्हणाले.

ओढ्याची तक्रार साधी होती. दोन्ही अंगांच्या शेतकऱ्यांनी बांध सरकवत सरकवत त्याला इतकं चेपलं होतं की कूस बदलायला जागा उरली नव्हती. वळणं होती ती जेसीबी लावून सरळ केली. काठचे करंज आणि उंबर तोडले, निर्गुडी जाळली, वर खताच्या रिकाम्या गोण्या त्याच्याच अंगावर टाकल्या.

"मासे म्हणाले, आम्हाला पोरंबाळं आहेत, आम्ही चाललो," ओढा म्हणाला. "मग खेकडे गेले. मी एकटा तिथं राहून काय करू? दोन्ही काठांना दहा-दहा हात जागा सोडा, माझी वळणं मला द्या, झाडं लावा. मी आपल्या पायाने परत जातो. नाही तर पिंपळमाळची माणसं बोलावतच आहेत."

हे काही खोटं नव्हतं. पिंपळमाळ म्हणजे टेकडीपलीकडचं गाव. तिथले चौघे शाल-श्रीफळ घेऊन ओढ्याला भेटून गेल्याचं सगळ्या गावाने पाहिलं होतं.

"पण तिकडे जायला टेकडी चढावी लागेल," उगले म्हणाले.

"चढेन. अपमान झाल्यावर कोण काय चढत नाही?" ओढा म्हणाला. "गुढीपाडव्याला सालगड्याचं साल ठरतं. माझंही तेव्हाच ठरू द्या. तोवर मी इथंच आहे."

आणि तो खरंच तिथेच राहिला. उगल्यांच्या खणात बेडूक झाले. शिक्क्याच्या गादीवर शेवाळ धरलं. ट्यूबलाइटवर एक खंड्या येऊन बसू लागला आणि ग्रामसभेच्या ऐन ठरावात सूर मारू लागला. जन्माचे दाखले ओले मिळत, लोक ते घरी नेऊन दोरीवर वाळत घालत. कोणी चहा देऊ केला तर ओढा नको म्हणे, कारण कप जवळ आणला की चहाच पातळ होई.

तिकडे ओढा नाही म्हटल्यावर गावच्या विहिरींनी हातपाय गाळले. माघात बायांना दोराला दोर जोडावे लागले. फाल्गुनात घागर खाली गेली की नुसती दगडावर वाजायची. पाडव्याला ओढा पिंपळमाळला गेला तर हिवरतळला टँकरच्या मागे पळत जन्म काढावा लागणार, हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त काठच्या जमीनमालकांना.

सुलभाने त्यांचे उंबरे झिजवले. पाचारण्यांच्या द्वारकाकाकू म्हणाल्या, "मला काय त्याचं? माझं बोअर आहे." पुढच्याच आठवड्यात बोअर कोरडं खोकलं, तेव्हा काकू स्वतः दोरी घेऊन दहा हात मोजायला आल्या. पलीकडचा भिवा नाना जागा द्यायला तयार होता, पण करंजाची सावली कांद्यावर पडेल म्हणून दोन महिने अडून बसला. त्याला उंबर चालला. का, ते विचारायची सुलभाची ताकद उरली नव्हती. एकाला शेजाऱ्याने हातभर जागा कमी दिल्याचा संशय, दुसऱ्याला आपला हात शेजाऱ्यापेक्षा लांब असल्याचं दुःख. प्रत्येकाची समजूत घालून ती घरी येई, तोवर आधीचा फिरलेला असे.

तरी होळीपर्यंत सगळे वाटेवर आले. लोकांनी गोण्या उपसल्या, वळणं परत खोदली, काठाला वाळा लावला. ओढा दर रविवारी बाकावरून उठून पाहणीला येई. "हे वळण घाईत काढलंय," तो म्हणे, "इथं मला भोवरा धरता येणार नाही." मग ते पुन्हा खोदावं लागे. सुलभा मनात म्हणे, व्याही परवडला, पण हा नको.

आता एकच जमीनमालक उरला होता. त्याची जमीन नेमकी मधोमध होती, त्याच्यावाचून ओढ्याला वरून खाली येता येत नव्हतं आणि तो सुलभाच्या घरातच जेवत होता. आबा वाकचौरे, तिचे सासरे.

आता बोला! बाई गावभर सांगत फिरते आणि तिचं घरच आडवं येतं. लोक तोंडावर काही म्हणत नसत, पाठ फिरली की सगळं म्हणत. तिचा नवरा दत्ता दोन्हीकडे मान हलवायचा. बाप म्हणाला जमीन द्यायची नाही, की हो. बायको म्हणाली दिली पाहिजे, की हो.

ओढ्याच्या जागेपासून जरा वर चढाला आबांचं नवं घर होतं. लग्न झाल्यापासून अकरा वर्षं सुलभाने पत्र्याच्या खोपटात चूल फुंकली होती आणि गेल्या वर्षी कुठे तिला स्वतःचं स्वयंपाकघर मिळालं होतं. काळ्या दगडाचा ओटा, पूर्वेला खिडकी, भांड्यांना मांडणी. सकाळी त्या ओट्यावर नुसता हात फिरवला तरी तिला बरं वाटायचं. गावाला पाणी मिळावं आणि आपल्या घरात भांडण होऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा ती ओढ्यालाच घरी घेऊन आली. ओढा ओसरीच्या पायरीशी थांबला. आबा झोपाळ्यावरून उठले नाहीत.

"फुकट जमीन मी देवालाही दिली नाही," आबा म्हणाले. "या घराण्यात जमीन फक्त भावकीला मिळते, तीही वाटणीने. हा काय माझा भाऊ आहे?"

"आहे," ओढा म्हणाला. "तुमची नाळ माझ्याच काठाला पुरली, आबा. तुमच्या पाचवीचं पाणी माझं. तुमच्या बापाची राख माझ्यातच सोडली. सगळ्या सुखदुःखाला मी होतो. याला भावकी नाही तर काय म्हणतात?"

आबांनी निवाड्यासाठी गावातली जाणती माणसं बोलावली. त्यांनी तंबाखू मळली, विचार केला आणि सांगितलं की ओढ्याचं म्हणणं रास्त आहे, नाळ ज्याच्यापाशी तो भाऊच. सुलभाला हायसं वाटलं. ते फार वेळ टिकलं नाही.

कारण हिवरतळला वाटणीची एक रीत आहे. वाटे थोरल्याने पाडायचे आणि पहिला वाटा धाकट्याने उचलायचा. उरेल तो थोरल्याचा. थोरल्याने लबाडी करू नये म्हणून पूर्वजांनी घालून दिलेली ही रीत, आणि ती कोणी मोडत नाही. तेव्हा प्रश्न आला की या दोघांत थोरला कोण.

"मी थोरला," ओढा म्हणाला. "तुमचे पणजोबा इथं वस्तीला आले, तेव्हा मीच त्यांना पाणी पाजलं."

"छट्!" आबा झोपाळ्यावरून उठलेच. "या घराण्यात थोरला एकच, तो मी. सत्तर वर्षं कोणाचा धाकटा झालो नाही. आता काय ओढ्याचा होऊ?"

सुलभाला धोका तिथेच दिसला. दाराआड उभी राहून ती म्हणाली, "मामंजी, पाया पडते, धाकटे व्हा. धाकट्याला आधी उचलायला मिळतं. त्यांना वाटे पाडू द्या. त्यांना दहा हातच हवेत, ते तेवढेच वेगळे काढतील. तुम्ही बाकीचं उचला."

"तू मला अक्कल शिकवू नको," आबा म्हणाले. "मान गेला तर जमीन काय चाटायची आहे?"

ओढा ओसरीच्या पायरीवर टेकला. मग म्हणाला, "त्यांना थोरलं व्हायचं असेल तर होऊ दे. मला मानाचं काही नाही." अशा रीतीने ओढा वाकचौऱ्यांचा धाकटा भाऊ ठरला. म्हणजे सुलभाचा चुलत सासरा. तिने कपाळावर हात मारला आणि मग रीतीप्रमाणे डोईवर पदर घेतला. कार्यालयात इतके दिवस जो बाकावर बसून फरशी ओली करत होता, त्याला आता धाकले मामंजी म्हणणं आलं.

आबांनी दोन वाटे पाडले. एक वाटा ओढ्याची जुनी जागा, तीही दहा हातांची नाही, नुसती गोट्यांनी भरलेली चिंचोळी पट्टी. दुसरा वाटा बाकीचं सगळं. वरची काळी जमीन, विहीर, गोठा आणि घर.

"अहो, असे कुठे वाटे असतात?" सुलभा आता दाराआड राहिली नाही. "एकीकडे भाकरी नि एकीकडे कोंडा. ते दुसरा उचलतील ना! जरा सारखे करा."

"तू गप गं. वळणाचं पाणी वळणावरच जायचं," आबा हसून म्हणाले. "चढावरचं घर घेऊन ते करील काय? ते आपल्या खड्ड्यातच जाणार. पाण्याला एवढी अक्कल असती तर ते समुद्राला फुकट गेलं असतं का?"

तिने दत्ताकडे पाहिलं. दत्ताने मान हलवली. तिला त्या क्षणी दोघा बापलेकांना उचलून कोरड्या विहिरीत टाकावंसं वाटलं, आणि तसं ती मोठ्याने म्हणालीही. कोणी मनावर घेतलं नाही.

पाडव्याच्या सकाळी मारुतीच्या पारावर पाट मांडला. प्रत्येक वाट्यातलं एकेक ढेकूळ पाटावर ठेवलं, एक गोट्यांच्या जागेतलं पांढुरकं, एक वरच्या जमिनीतलं काळंभोर. जमीनमालक झाडून सगळे आले होते. ओढा पाटाशी आला. त्याने दोन्हीकडे नीट पाहिलं, आबांना वाकून नमस्कार केला आणि काळं ढेकूळ उचललं. ते त्याच्या हातात लगेच विरघळलं. आता परत ठेवायला ढेकूळच राहिलं नाही.

"धाकट्याने उचललं!" जाणती माणसं म्हणाली आणि उठली. आबा जागेवरून हलले नाहीत. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

सुलभा तडक ओढ्यापुढे उभी राहिली. पदर घसरला होता, तिने तो सावरला नाही. "धाकले मामंजी, तुम्हाला दहा हात हवे होते. माझं घर कशाला?"

"सूनबाई, मी दहा हातच मागितले होते," ओढा म्हणाला. त्याचाही आवाज खाली गेला होता. "ते कोणी दिलेच नाहीत. समोर ठेवलं त्यातला चांगला वाटा उचलला. भर पारावर मुद्दाम वाईट वाटा उचलला असता, तर थोरल्याला वाटे पाडता येत नाहीत असं झालं असतं. भावाचा मान मी कसा घालवू?"

 ती घरी गेली आणि भांडी काढू लागली. मांडणी रिकामी करताना तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. ओढा मागच्या दाराशी थांबून होता. पिठाचा डबा, मिठाची बरणी, देवाची समई असं सगळं बाहेर जाईपर्यंत त्याने उंबरा ओलांडला नाही. मग तो रीतसर आत गेला. वरून द्वारकाकाकूंच्या नव्या वळणाने आलेला तो आता चढ चढून माजघरात शिरे, ओट्याला वळसा घाली, काळ्या रानातून फिरे आणि खालच्या अंगाला भिवा नानाच्या उंबराशी पुन्हा जुन्या वाटेला लागे. दुपारपर्यंत मासे परत आले. खंड्या ट्यूबलाइट सोडून सुलभाच्या खिडकीच्या गजावर येऊन बसला.

संध्याकाळी विहिरींना पाणी लागलं. बाया वाजतगाजत आल्या आणि त्यांनी सुलभाची ओटी भरली. "बाई, तू गाव राखलंस," द्वारकाकाकू म्हणाल्या. सुलभा तेव्हा गोट्यांच्या पट्टीत उभी राहून पत्रे उतरवून घेत होती. नारळ कुठे ठेवावा ते तिला कळेना, कारण ठेवायला काही नव्हतंच.

दिवस मावळायच्या आत दत्ताने चार मेढी रोवल्या आणि वर पत्रे टाकले. दोन काठांच्या मध्ये, ओढ्याच्या जुन्या जागेत, वाकचौऱ्यांचा संसार मांडला गेला. सुलभाने तीन गोटे लावून चूल पेटवली. आबा एका दगडावर बसून दोन्ही काठ न्याहाळत होते. मग त्यांनी चुलीकडे तोंड वळवलं.

"सुलभे, पावसाळ्यात इथं पूर आला तर?"

"इथं कशाला येईल?" ती चुलीत फुंकत म्हणाली. "ओढा घरात राहतो ना. पूर त्याच्याकडे येणार. आपल्याकडे आता कधीच यायचा नाही. तेवढं एक तरी चांगलं झालं."

 आबांच्या भुवया हळूहळू वर चढल्या.

"म्हणजे पूर आधी धाकट्याच्या घरी जाणार?" ते म्हणाले. "आणि थोरल्याला डावलणार? ते काही चालायचं नाही. रीत म्हणून काही आहे की नाही? तू सरपंच आहेस, उद्याच्या उद्या ठराव घे. पूर आधी थोरल्याच्या दारी आला पाहिजे."

सुलभाने त्यांच्याकडे पाहिलं. मग दत्ताकडे पाहिलं. दत्ता मान हलवत होता. तिने भाकरी तव्यावर टाकली, पीठ झटकलं आणि उठून आपले कपडे, पिठाचा डबा आणि मिठाची बरणी उचलली. काठ चढून ती वर गेली आणि नव्या घराच्या मागच्या दाराशी उभी राहिली.

"धाकले मामंजी," तिने हाक मारली, "ओट्याच्या वर जागा आहे का हो?"

"आहे, ये," ओढा म्हणाला आणि तिला वाट देण्यासाठी थोडा बाजूला सरकला.