शेजारप्रीती, शनिवार चार ते साडेचार

आमच्या मंडळीत १९५९ सालच्या मे महिन्यापर्यंत वेळेची कोणतीही व्यवस्था नव्हती, हे प्रथम नमूद करणे चिटणीस या नात्याने माझे कर्तव्य आहे. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला अकरा ख्रिस्ती घरे, एक कौलारू देऊळ आणि देवळामागे पाळकसाहेबांची दोन खोल्यांची जागा, एवढाच आमचा पसारा. रविवारची उपासना नऊ वाजता असे. धोंडाबाईची म्हैस पिळून झाली, बहिरूची दाढी झाली आणि ओढ्यापलीकडची चंद्राबाई अलीकडे आली, की नऊ वाजत. एकदा हे सगळे जमून यायला पावणेअकरा झाले होते, तेव्हाही नऊच वाजले. कोणाची तक्रार नव्हती. तक्रार नसणे हेच अव्यवस्थेचे लक्षण आहे, असे पुढे आम्हाला समजावून सांगण्यात आले.

मे महिन्यात आमचे पाळक शांतवनसाहेब पुण्याला तीन दिवसांच्या शिबिराला गेले. विषय होता ‘वेळेचे ख्रिस्ती कारभारीपण’. जाताना त्यांच्याकडे एक वळकटी होती. येताना वळकटी, गजराचे घड्याळ आणि छापील पत्रकांचा एवढा मोठा गठ्ठा होता की एसटीच्या कंडक्टरने तो टपावर टाकायला लावला.

“देवाने प्रत्येकाला दिवसाचे चोवीस तास दिले आहेत,” पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी सांगितले. “राजालाही तेवढेच आणि रंकालाही तेवढेच. शेवटल्या दिवशी त्यांचा जाब द्यावा लागेल.”

बहिरू उभा राहिला. “पाळकसाहेब, आमच्यापाशी घड्याळ न्हाई. आमाला बी चोवीसच दिल्यात का?”

“तुम्हालाही चोवीसच.”

“मग आजवर वापरलं किती नि ऱ्हायलं किती, ते कसं कळायचं?”

पाळकसाहेबांनी त्याला एक पत्रक दिले.

पत्रकात दिवसाचे पाव-पाव तासाचे तुकडे होते आणि सहा रकाने होते : प्रार्थना, वचन, श्रम, विश्रांती, शेजारप्रीती आणि व्यर्थ. प्रत्येक माणसाने प्रत्येक पाव तासाला योग्य रकान्यात खूण करायची होती. रविवारी ‘व्यर्थ’ रकान्याची बेरीज नावानिशी वाचली जाणार होती. मंडळीत सातवीपुढे शिकलेला मी एकटाच, कारण मी शाळामास्तर. म्हणून चिटणीसपद माझ्याकडे आले. खरे सांगायचे तर मला ते फार आवडले.

पहिली अडचण घड्याळाची आली. ते एकच होते आणि पाळकसाहेबांच्या कोनाड्यात होते. त्यामुळे किती वाजले ते बघायला अकरा घरांची माणसे दिवसभर तिकडे ये-जा करू लागली. चंद्राबाई ओढा ओलांडून घड्याळ बघायची आणि घरी पोचेपर्यंत दुसरा पाव तास लागलेला असायचा, म्हणून ती परत फिरायची. हे चालणे कोणत्या रकान्यात घालायचे यावर पंच कमिटीने दोन संध्याकाळ चर्चा केली आणि ते ‘श्रम’ ठरवले. दुसरी अडचण अशी की पत्रक भरायलाच रोज तासभर लागे. तो तास ‘व्यर्थ’ म्हणणे शिबिराचा अपमान झाला असता, तेव्हा तो ‘प्रार्थना’ या सदरात घेण्यात आला. महिन्याभरात आमच्या मंडळीची प्रार्थना दुप्पट झाली. पुण्याहून शाबासकीचे पत्र आले.

शेजारप्रीतीचा प्रश्न मात्र अवघड होता. ती वेळी-अवेळी उद्भवे. कोणाचे पोर तापले, कोणाची म्हैस अडली, की माणसे आपापला रकाना सोडून धावत आणि पत्रकाचा चुथडा होई. म्हणून शेजारप्रीतीसाठी शनिवारी चार ते साडेचार अशी वेळ नेमण्यात आली. अवेळी प्रीती लागल्यास आठ दिवस आधी अर्ज करावा, अशी सवलतही ठेवली. अर्जाचा नमुना मीच तयार केला.

आषाढात एका सोमवारी माझी रत्नाआत्या पाळकसाहेबांकडे आली. माझे आईबाप गेल्यावर मला हिनेच वाढवले. हिचा नवरा कुशाबा दोन वर्षांपूर्वी वारला. पोरबाळ नाही, आणि देवळासमोरच्या उतारावर भाताची तीन खाचरे, एवढेच तिचे होते.

“सलाम पाळकसाहेब. बेस्तरवारी माजी लावणी हाय. गेणबानं चिखलणीला बैल द्यायचं कबूल केलंय, पर त्या एकाच दिवसाचं. तुमी समद्यांस्नी सांगा.”

इथे सांगितले पाहिजे की आमच्या खोऱ्यात भाताची लावणी सावडीने होते. आज सगळी तुझ्या खाचरात, उद्या सगळी माझ्या. मजुरी नाही, लिहिणे नाही. आत्या त्या पावसाळ्यात, शनिवारची वेळ नेमली जाण्याआधी, इरले पांघरून दहाही घरांच्या लावणीला वाकली होती. तिचीच तेवढी राहिली होती.

पाळकसाहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला पाट दिला. “रत्नाबाई, शेजारप्रीती शनिवारी आहे. चार ते साडेचार. सगळे येतील.”

“अर्ध्या तासात तुमी बांधावर पोचाल. लावणार कवा?”

“मग आठ दिवस आधी अर्ज द्यायला हवा होता.”

“रोप आदीच म्हातारं झालंय. चिखल येकदा घट झाला की मूठ शिरायची न्हाई. मग वरीसभर काय खाऊ?”

“प्रत्येक गोष्टीला देवाने वेळ नेमून दिली आहे,” पाळकसाहेब समजुतीने म्हणाले. “रोपालाही दिली आहे.”

“व्हय,” आत्या म्हणाली. “ती बेस्तरवारी हाय.”

जाताना तिने माझ्याकडे पाहिले. मी पत्रकावर पट्टीने रेघ मारत होतो. ती रेघ मी पूर्ण केली.

तरीही पाळकसाहेबांनी बुधवारी पंच कमिटीची खास सभा बोलावली. प्रश्न एकच होता : दुसऱ्याच्या खाचरातली लावणी कोणत्या रकान्यात बसते? आपल्या शेतात केली असती तर श्रम. दुसऱ्याच्या शेतात म्हणजे शेजारप्रीती. पण कमिटीचे वडील सभासद हैबतराव म्हणाले की सावडीत माणूस परतफेडीची आशा धरतो, आणि परतफेडीची आशा असलेली प्रीती निर्मळ नाही. बरे, श्रम म्हणावे तर शेत आपले नाही. अडीच तासांनंतर सावड ही ‘व्यर्थ’ या सदरात मोडते, असा ठराव झाला. ठराव मीच लिहिला. लिहिताना मला वाईट वाटले, पण हस्ताक्षर चांगले आले.

शिवाय आत्याच्या त्याच बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, दुसरेच काम निघाले होते. शिबिराचे निरीक्षक आमची आदर्श मंडळी पाहायला पुण्याहून येणार होते. सकाळी दहाला सर्वांनी धुतलेले कपडे घालून, पत्रकासह देवळात हजर राहायचे होते. मी शाळेतून रजा काढली. आत्याच्या लावणीसाठी रजा मिळणार नाही, असे मी तिला सांगितले होते.

दहा वाजता आम्ही सगळे बाकांवर बसलो. अकरा वाजले. एसटी पौडच्या पुढे चिखलात रुतल्याची बातमी आली. वाट पाहण्याला पत्रकात रकाना नव्हता, तेव्हा कोणी काहीच लिहीना. देवळाच्या खिडकीतून समोरचा उतार स्वच्छ दिसत होता. गेणबाची चिखलणी झाली होती आणि आत्या एकटी वाकून रोपांची मूठ मूठ लावत होती. थोड्या वेळाने बैल झाडाखाली बांधून गेणबाही खाचरात उतरला. मग दुकानदार पीरमहंमदची बीबीजान डोक्यावर इरले घेऊन बांधावरून येताना दिसली. तिच्यामागे दुकान बंद करून पीरमहंमद. हे तिघे आमच्या मंडळीतले नव्हते, त्यांच्याकडे पत्रके नव्हती.

बहिरू उठला. “जरा लघवीला जाऊन येतो.”

तो परत आला नाही. पाच मिनिटांनी धोंडाबाईला तीच गरज लागली. मग चंद्राबाईला, मग तिच्या दोन्ही सुनांना एकदम. हैबतराव बराच वेळ ठरावाची प्रत वाचत होते. शेवटी ती बाकावर ठेवून, त्यावर दगड ठेवून, तेही गेले. साडेअकराला देवळात पाळकसाहेब, मी आणि घड्याळ उरलो.

पाळकसाहेब खिडकीशी उभे होते. खाचरातून बायकांचे गाणे ऐकू येत होते.

“मास्तर, मी गेलो तर माझ्या पत्रकात काय लिहाल?”

“ठरावाप्रमाणे व्यर्थ लिहावे लागेल.”

“लिहा,” ते म्हणाले, आणि बूट काढून पँट वर दुमडत निघाले.

पुढचे मला बहिरूने सांगितले. आत्याने कमरेवर हात ठेवून त्यांना विचारले, “पाळकसाहेब, आज तर बेस्तरवार हाय की?” पाळकसाहेब गुडघाभर चिखलात उतरले आणि म्हणाले, “रत्नाबाई, माझं घड्याळ दोन दिवस पुढं गेलंय.” मग आत्या हसली म्हणे. कुशाबा गेल्यापासून ती अशी हसली नव्हती. मी ते पाहिले नाही.

निरीक्षक दोन वाजून वीस मिनिटांनी आले. देवळात एक चिटणीस आणि नीट भरलेली पत्रके पाहून ते प्रसन्न झाले. माणसांची चौकशी त्यांनी केली नाही, कारण त्यांना साडेतीनची परतीची गाडी गाठायची होती. पत्रके मात्र त्यांनी सोबत नेली. त्या गुरुवारी दहा घरांतल्या, माझ्याखेरीज, सर्वांच्या आणि पाळकसाहेबांच्या नावावर मी ‘व्यर्थ, तीन तास’ अशी नोंद केली होती. माझा ‘व्यर्थ’ रकाना कोरा होता.

पंधरा दिवसांत पाळकसाहेबांच्या बदलीचा हुकूम आला. संपूर्ण मंडळीत एकही क्षण वाया न घालवलेला सभासद म्हणून मला बक्षीस मिळाले. तेही गजराचे घड्याळच होते. पाळकसाहेबांना एसटीवर पोचवायला सगळी मंडळी गेली. कोणी अर्ज केलेला नव्हता.

दिवाळीनंतर आत्याच्या घरी नवा भात शिजला. लावणीला हात लावलेल्या सगळ्यांना तिने जेवायला बोलावले होते. गेणबा होता, पीरमहंमद होता. आत्याने मलाही बोलावणे धाडले, आणि निरोप सांगायला बहिरूला पाठवले.

“मास्तर, आत्यानं इचारलंय, तुमाला कवा येळ हाय?”

मी पत्रक काढून बघितले आणि शनिवार सांगितला.

तुम्हाला हे हास्यास्पद वाटत असेल. वाटू द्या. मात्र तुमच्या दाराशी शेवटचे कोण मदतीचा हात मागायला आले होते, ते एकदा आठवा, आणि तुम्ही त्याला कोणता वार सांगितला होतात तेही. आमच्याकडची छापील पत्रके अजून बरीच उरली आहेत. वार तुम्ही सांगितलाच आहे, तेव्हा पत्रक पाठवतो.