तीव्रता: निरंक

तोंडी परीक्षेत अडखळणाऱ्या मुलांना पाच मिनिटं जादा द्यावीत, असा नियम आहे आणि तो चांगलाच आहे. फक्त अडखळणं किमान बारा टक्के असल्याचा दाखला लागतो. ठकीकडे तो नव्हता. लेखीत या पंधरा वर्षांच्या पोरीचा पेपर गुरुजी वर्गभर फिरवून दाखवत. तोंडीत मात्र पाचही उत्तरं येत असून पहिलं उत्तर संपायच्या आत वेळ संपला आणि ती गेल्या वर्षी नापास झाली. यंदाही तेच झालं तर शाळेतून नाव कमी होणार होतं. म्हणून आई तिला घेऊन मापन कक्षात आली.

मापन अधिकारीबाई स्वभावाने गोड होत्या. टेबलावर दोन बटणांचं मोजणीयंत्र होतं. शब्द आला की डावं बटण, तो अडखळला की उजवं. तीन मिनिटांनी उजव्या आकड्याला डाव्याने भागायचं, झाले टक्के. अडखळणं म्हणजे यापलीकडे काही असतं, असं परिपत्रकात कुठे म्हटलेलं नव्हतं.

"तुझ्याविषयी काहीही सांग," बाई म्हणाल्या आणि घड्याळ सुरू केलं.

ठकीने तोंड उघडलं. मान ताठ झाली, डोळे मिटले, कानशिलं लाल झाली, पण शब्द काही घशातून हलेना. तीन मिनिटं बाईंची दोन्ही बोटं इमानेइतबारे बटणांवर तयार होती. एकही बटण दाबावं लागलं नाही.

"अभिनंदन," बाई म्हणाल्या. "एकदाही अडखळली नाही."

आई म्हणाली, अहो, ती बोललीच कुठे, तेच तर दुखणं आहे. बाईंनी समजुतीने सांगितलं, की अडखळायला आधी बोलावं लागतं. न बोलणं हा वेगळा विभाग, दुसऱ्या मजल्यावर, आणि तिथे जन्मापासून न बोलणारेच घेतात. मग दाखल्यावर सुवाच्य अक्षरात ‘तीव्रता: निरंक’ लिहून त्यांनी शिक्का मारला. दाद मागायची तर समितीपुढे मागता येईल, मात्र तोंडी. लेखी अर्जावरून अडखळणं कसं कळणार?

समितीत तिघं होती. अध्यक्ष म्हणाले, "बोल बाळ, घाई नाही," आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मला प... प..." ठकीने सुरुवात केली.

पाणी, अध्यक्षांनी लगेच ओळखलं. शिपाई पेला आणायला धावला. दुसरे सभासद म्हणाले, पाणी कसलं, पाच मिनिटं हवीत तिला. तिसऱ्या सभासद बाई तर कळवळून म्हणाल्या, बिचारीला पास व्हायचंय हो. आईनेही मान डोलावली. ठकी जिवाच्या आकांताने मान हलवून नाही नाही म्हणत होती, पण तिच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. इतिवृत्तात नोंद झाली: अर्जदाराचे म्हणणे एका मिनिटाच्या आत सर्वांस पूर्णपणे समजले, सबब जादा वेळेची आवश्यकता दिसून येत नाही.

पेला घेऊन शिपाई पोचला तेव्हा मायलेकी जिन्यात होत्या. आत काय ठरलं ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो नुसता समोर उभा राहिला. ठकीला संतापाने रडू फुटत होतं. ती पुन्हा त्याच शब्दाशी झुंजू लागली, आणि हा बाबा पेला धरून थांबला. खूप वेळ थांबला.

"मला प... पहिला नंबर काढायचाय."

"काढ की," शिपाई म्हणाला.

तुम्ही मघाशी काय धरलं होतंत? पाणी, पाच मिनिटं, की पास? लाजू नका. समितीत चौथी खुर्ची रिकामीच आहे, आणि अनुभवाचा दाखला तुम्हाला कुणी मागणार नाही.