आप्पांचं वजन-उंचीचं गणित

आप्पा माणसाला नाव विचारत नसत, उंची विचारत. विश्रामबागेत आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून कपाट उतरत होतं आणि समोरच्या घरातले हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार वजनकाटा काखेत मारून फाटकात हजर.

"गड्या, हुबा ऱ्हा ह्याच्यावर."

राहिलो. ब्याऐंशी किलो. त्यांनी खिशातून टेप काढून माझी उंची घेतली आणि तळहातावर पेनाने गणित मांडलं. "वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. तीस पॉइंट एक! आपल्या लोकांनी तेविसाच्या आत ऱ्हायाचं. शुगर, बीपी, हार्ट, तिगंबी दारात हुबं हायती तुझ्या." मग माझ्या पोटाला टेप गुंडाळून म्हणाले, "ह्यो आकडा तर लय वंगाळ." तोवर हमाल कपाट धरून ताटकळत होते.

त्यांनी कुणाला सोडलं नाही. पोस्टमनला काट्यावर चढवलं. वास्तुशांतीच्या पंगतीत यजमानाच्याच जिलबीवर हात आडवा धरला. आणि हे सगळं परेडच्या आवाजात, बहुतेक वेळा स्वतःच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं राहून. लोक रस्ता बदलायला लागले.

फक्त आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्यांनी कधी काट्यावर उभं केलं नाही. आक्का चांगल्याच जाड. चार पायऱ्या चढल्या की धापा टाकायच्या. मी एकदा विचारलं, "आप्पा, घरच्यांचं काय?" ते काटा उचलून आत गेले. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उन्हाळ्यात आक्का हार्टने गेल्या. दहाव्यानंतर मी भेटायला गेलो, तर आप्पा पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"लगीन झाल्यावर पयल्या सुट्टीत आलो, तवा भावांम्होरं तिला जाडी म्हणलो. दोन दिस जेवली न्हाई. शपथच घेतली, तिच्या वजनावर पुन्हा बोलायचं न्हाई. मग गल्लीला वरडत बसलो. तिच्या कानावर पडंल म्हणून."

मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"दवाखान्यात मला म्हणाली, आवं, आख्ख्या गल्लीचं वजन केलंसा. माझीच काळजी कवा वाटली न्हाई व्हय?"

"मग? काय म्हणालात तुम्ही?"

"सांगणार हुतो सगळं. तेवढ्यात सिस्टर आली. भेटायची वेळ संपली म्हणाली, सकाळी या."

आप्पांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"सकाळी लवकरच गेलो हुतो, गड्या."